बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून साहेबांचा त्रास : नोकरी न सोडता काय करता येईल?

चांदणवेल

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी छत्रपती संभाजीनगरजवळ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबला आहे. लग्नाआधीपासून इथेच. एचपीएलसीचं, म्हणजे औषधाचे घटक तपासणाऱ्या मशीनचं, काम माझ्याकडे असायचं, नव्या मुलांना मशीन शिकवणं माझ्याकडे, आणि ऑडिट आलं की ऑडिटरसमोर बसायलाही मलाच बोलवायचे. मागच्या वर्षी मुलगी झाली. कायद्याने मिळते तेवढीच रजा घेतली.

मी रजेवर असताना जुने मॅनेजर गेले, नवे आले. परतले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मॅडम, सुट्टी एन्जॉय केली का?" तेव्हा मी सोडून दिलं. पण एचपीएलसीचं लॉगिन मला परत मिळालंच नाही. "तुमचं ट्रेनिंग लॅप्स झालंय, रीक्वालिफिकेशन करावं लागेल." म्हणजे मशीन चालवायची पात्रता पुन्हा सिद्ध करायची. ठीक आहे, ते एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, आहे. पण त्या रीक्वालिफिकेशनची तारीख काही लागत नाही. मी ग्लासवेअरच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी उतरवते आणि जुन्या फायली स्कॅन करते. मीच शिकवलेली मुलं मशीन चालवतात आणि अडलं की गुपचूप येऊन मला विचारतात.

दुपारी मी लेडीज चेंजिंग रूममध्ये दूध काढायला जाते. कंपनीत पाळणाघर नाही. एकदा सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मॅडमची डेअरी किती वाजता सुरू होते ते सांगा, म्हणजे तसं प्लॅनिंग करू." दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

अप्रेझलला खालून दुसरं रेटिंग आलं. कारण विचारलं तर तोंडी उत्तर, "अर्धं वर्ष तुम्ही होतात कुठे?" आणि आता पुढच्या महिन्यापासून नाईट शिफ्ट लावली आहे. एचआर मॅडमना भेटले तर त्या म्हणाल्या, "ते सगळ्यांशीच तसे बोलतात, मनावर घेऊ नका."

घरी नवरा म्हणतो सोड. सासूबाई म्हणतात थोडी कळ काढ. मला दोन्ही नको आहे. माझं काम मला येतं आणि ते मला परत हवंय. याला छळ म्हणायचं का? आणि जायचं तर कुठे जायचं?

सांजपाखरू

ताई, वाचून जीव कळवळला. "डेअरी" म्हणणाऱ्या माणसाला आई, बहीण, बायको कुणीच नाही का?

पण मोठ्या बहिणीसारखं सांगते, मुलगी लहान आहे. असल्या ताणात दूध कमी होऊ शकतं, झोप उडते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात औषध कंपन्या काही कमी नाहीत. तुमच्या हातात कला आहे. दुसरीकडे अर्ज टाकायला लागा. भांडण जिंकून तब्येत गेली तर काय उपयोग?

जुना_क्यूए

अर्ज जरूर टाका, पण नोंदी आजपासून सुरू करा. मी तुमच्याच क्षेत्रात बरीच वर्षं काढली, म्हणून तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगतो.

क्यूसीत पहिल्या दिवशी काय शिकवतात? लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. तुमचे साहेब नेमके यावरच चालले आहेत. लॉगिन नाही, त्याचा कागद नाही. रेटिंगचं कारण तोंडी. टोमणा मीटिंगमध्ये, आणि मीटिंगच्या मिनिट्समध्ये तो येणार नाही. उद्या चौकशी झाली तर ते म्हणतील, असं काही घडलंच नाही. म्हणून त्यांनी जे कागदावर आणलं नाही ते तुम्ही आणा.

डेटा इंटिग्रिटीचे, म्हणजे नोंदी विश्वासार्ह ठेवण्याचे, नियम तुम्हाला पाठ आहेत, तेच इथे लावा. नोंद कुणी केली ते दिसायला हवं. ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी ती लिहिलेली हवी, महिनाअखेरीला आठवून नाही. साहेबांचे शब्द होते तसे लिहा, त्यात आपला राग मिसळू नका. "सगळ्यांसमोर अपमान केला" हे निरीक्षण नव्हे, तो निष्कर्ष झाला. "अमुक तारखेला, सकाळच्या मीटिंगमध्ये, हे वाक्य, समोर हे हे लोक" याला निरीक्षण म्हणतात. पानांवर क्रमांक टाकलेली बांधीव वही घ्या. चुकलं तर एक रेघ मारा, सही करा, तारीख घाला. खाडाखोड नको, पान फाडणं तर अजिबात नको. ही वही घरी ठेवा, लॉकरमध्ये नाही.

दुसरी गोष्ट, मेल. प्रत्येक तोंडी आदेशानंतर तासाभरात साधा मेल टाका. तुमच्याकडे इंग्रजीतच लिहीत असणार, मजकूर असा ठेवा : "आज सकाळी सांगितल्याप्रमाणे मी एचपीएलसीऐवजी फायली स्कॅन करण्याचं काम करत आहे. माझं रीक्वालिफिकेशन कोणत्या तारखेला ठेवलं आहे ते कृपया कळवावं. माझी समजूत चुकीची असल्यास दुरुस्त करावी." एवढंच. रडगाणं नको, आरोप नको. उत्तर आलं तर कागद झाला, आणि उत्तर आलंच नाही तर तोही कागदच.

एक धोक्याची सूचना. बॅच रेकॉर्ड, क्रोमॅटोग्राम, ऑडिट ट्रेलचे प्रिंट, कंपनीच्या या तांत्रिक नोंदींतलं काहीही घरी आणू नका, स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्याचा फोटो काढू नका. लॅबमध्ये तसाही मोबाईल चालत नसेल. गोपनीय माहिती बाहेर नेली एवढ्या एका कारणावर तुम्हाला काढतील आणि मूळ तक्रार बाजूला पडेल. रेटिंगचं पत्र, शिफ्टचा मेल, रजेची मंजुरी, पगारपत्रक हे तुमचे स्वतःचे कागद आहेत. तेवढेच जपा.

चांदणवेल

सर, हे वाचून पहिल्यांदा काहीतरी हातात आल्यासारखं वाटलं. वही आजच आणते.

शिफ्ट_इनचार्ज

मी दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. मी उत्पादन विभागात मॅनेजर आहे. लांब रजेनंतर रीक्वालिफिकेशन लागतंच, त्यात छळ नाही. शिफ्ट फिरवणंही व्यवस्थापनाच्या हातात असतं. कडक बॉस आणि छळणारा बॉस यातला फरक न करता तक्रार केली तर खऱ्या तक्रारींचीही किंमत जाते.

तरीही "डेअरी" हा शब्द आणि "अर्धं वर्ष होतात कुठे" हे कारण, या दोन गोष्टींचं समर्थन कुठलाही मॅनेजर करू शकत नाही. रजा हक्काची होती. ज्या महिन्यांत माणूस रजेवर आहे त्या महिन्यांचं रेटिंग शून्य धरायचं नसतं. जेवढे महिने काम केलं तेवढ्यावरून ठरवायचं.

तोक्योकर

हा फरक कसा करायचा यावर थोडं लिहितो.

मी जपानमध्ये काम करतो. इथे याला 'पॉवर हरासमेंट' म्हणतात, बोलताना 'पावाहारा'. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मोठ्या कंपन्यांना ती जून २०२० पासून आणि लहान-मध्यम कंपन्यांना एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तक्रार ऐकणारी खिडकी प्रत्येक कंपनीत असावी लागते. सरकारी मार्गदर्शनात छळाचे सहा प्रकार दिले आहेत : मारहाण, मानसिक हल्ला, माणसाला वेगळं पाडणं, झेपणार नाही इतकं काम लादणं, पात्रतेपेक्षा फार खालचं काम देणं किंवा कामच न देणं, आणि खाजगी आयुष्यात नाक खुपसणं.

पाचवा प्रकार पुन्हा वाचा. एचपीएलसी येणाऱ्या बाईला स्कॅनिंगला बसवणं नेमकं त्यात बसतं. आपल्याकडे छळ म्हटलं की ओरडणं आणि जादा कामच डोळ्यांसमोर येतं. काम काढून घेणं कुणाच्या खिजगणतीत नसतं, उलट "बरं झालं, आराम मिळाला" म्हणतात. महिनोन्महिने असं रिकामं बसवलं की माणसाचा स्वतःवरचा विश्वास जातो. माझ्या समोरच्या टेबलावरच्या माणसाचं हे होताना मी पाहिलंय.

शिफ्ट_इनचार्ज यांच्या शंकेचं उत्तरही तिथेच आहे. कामासाठी गरजेचं आणि मर्यादेत असलेलं कडक बोलणं छळात धरत नाहीत. रीक्वालिफिकेशन मागणं योग्यच, पण ते मागून तारीख द्यायचीच नाही, हे नाही.

इथला कायदाही पुरेसा कडक नाही. छळासाठी त्यात थेट शिक्षा नाही. पण यादी लेखी असल्यामुळे निदान माणसाला स्वतःवर शंका घेत बसावं लागत नाही.

गोदाकाठ

मी नाशिकला कामगार खटले चालवते. सर्वसाधारण माहिती देते. प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधी स्थानिक वकिलाला कागद दाखवाच.

तोक्योकरांनी सांगितला तसा, सगळ्या प्रकारच्या छळाला लागू होणारा एकच कायदा भारतात नाही. "साहेब त्रास देतात" एवढ्यावर खाजगी नोकरीत दाद मागणं कठीण जातं. कायद्याला खुंटी लागते : बाई म्हणून, बाळंतपणामुळे, अपंगत्वामुळे, जातीवरून. चांदणवेल, तुमच्या प्रकरणात खुंट्या बऱ्याच आहेत, फक्त त्या एकत्र कालवू नका.

आधी रजा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या. त्यात स्पष्ट आहे की या रजेच्या काळात किंवा या रजेच्या कारणावरून बाईला काढता येत नाही, आणि तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलताही येत नाहीत. "या कारणावरून" हे शब्द तुमच्या कामाचे आहेत. रेटिंग म्हणजे सेवाशर्त का, यावर समोरचा वकील वाद घालेल. पण त्या रेटिंगवर तुमची वेतनवाढ ठरत असेल तर आपली बाजू भक्कम होते. म्हणून "अर्धं वर्ष होतात कुठे" हे वाक्य कसंही करून लेखी आणा. जुना_क्यूए यांची मेलची पद्धत त्यासाठी उत्तम.

दूध. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीशिवाय, रोज दोन वेळा सुट्टी मिळण्याचा हक्क आहे. ती मेहेरबानी नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं.

नाईट शिफ्ट. स्त्रियांना संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी कामावर बोलवायचं तर त्यांची संमती लागते, शिवाय सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. तुम्ही संमती दिली आहे का? नसेल तर उद्याच दोन ओळींचा मेल टाका की माझी संमती नाही. कुठल्याही कोऱ्या किंवा छापील संमतीपत्रावर सही करू नका. कारखाना असल्यामुळे याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयात करता येते.

आणि "डेअरी". माझ्या मते हे २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात बसू शकतं. लैंगिक छटेचं बोलणं आणि त्यातून कामाच्या जागी तयार होणारं अपमानास्पद वातावरण, दोन्ही त्या कायद्यात आहे. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक बाहेरची सदस्य. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. ही मुदत हातची जाऊ देऊ नका, बायका सगळ्यात जास्त इथेच अडकतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. समितीच नसेल तर तेही लेखी विचारा. उत्तर टाळलं तर जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी करा.

शेवटचं, २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती लागते. कामगार आणि मालक यांचे सारखे प्रतिनिधी, आणि तक्रार वर्षभरात करता येते. "तुम्ही एक्झिक्युटिव्ह आहात, कामगार नाही" असं एचआर म्हणेल. हुद्द्याच्या नावाला महत्त्व नसतं, प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिलं जातं. हाताने चाचण्या करणारा केमिस्ट तांत्रिक काम करतो.

आणि दडपणाखाली राजीनामा द्यायचा नाही. खोलीत बसवून "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहून घेतात, आणि मग कुठलाही मुद्दा उभा राहत नाही.

माळरान

ताईंच्या धाग्यात माझं घुसवतो, माफ करा. गोदाकाठ यांनी जातीचा उल्लेख केला म्हणून.

मी पुण्यात आयटीत आहे. आडनावावरून कळत नाही, म्हणून टीम लीडने पहिल्या आठवड्यात गाव विचारलं, मग तालुका, मग "वडील काय करतात", मग "लग्न कुठल्या पद्धतीने झालं". कळल्या दिवसापासून डबा खाताना टेबल बदललं. माझ्या कोडमध्ये चूक निघाली की "कोट्याचं इंजिनिअरिंग", इतरांच्या चुकीला 'बग'. मी खुल्या जागेतून प्रवेश घेतला होता. तसा घेतला नसता तरी हे बोलायचा हक्क कुणाला कुणी दिला? हे सगळं कॅबिनमध्ये, दार लावून. मला ॲट्रॉसिटीखाली जाता येईल का?

गोदाकाठ

माफी कशाला, धागा याचाच आहे.

१९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणं आणि जातीवाचक शिवीगाळ, दोन्ही गुन्हे आहेत. पण ते "लोकांच्या नजरेसमोर" घडलेलं असावं लागतं. चार भिंतींआड, बाहेरचा कुणी साक्षीदार नसताना घडलेलं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटलं. दार लावून बोलणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक असतं. दुसऱ्या कुणाच्या देखत, टीमच्या ग्रुपवर किंवा कॉलवर असं काही झालं आहे का ते आठवून पाहा, आणि झालं असेल तर त्याचे तपशील लगेच लिहून ठेवा. जुने चॅट असतील तर ते मूळ फोनमध्येच ठेवा, फोन विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं.

खाजगी कंपनीतल्या जातिभेदाला लागू होईल असा वेगळा दिवाणी कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. तोवर कंपनीच्या स्वतःच्या आचारसंहितेत भेदभावाबद्दल काय लिहिलंय ते पाहा. परदेशी ग्राहक असलेल्या कंपन्यांत बहुतेक वेळा काहीतरी असतं, आणि त्यांना ते उघड व्हायला नको असतं.

पैलतीर

अमेरिकेतून लिहितेय. सिॲटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ ला भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. तो ठराव मांडणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यातला. कॅलिफोर्नियात असंच विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरनी त्यावर नकाराधिकार वापरला. माळरान, तुमच्या कंपनीचा ग्राहक सिॲटलचा असला तरी तो कायदा पुण्यातल्या ऑफिसला लागू होत नाही. पण एचआरला पत्र लिहाल तेव्हा जगात हा भेदभाव ओळखला जातोय एवढं नमूद करायला हरकत नाही. तुम्ही एकटे नाही आहात.

माळरान

धन्यवाद दोघींना. टीम कॉलवरही एकदा तो बोलला होता. कोण कोण होतं ते आत्ताच लिहून काढतो. मी वेगळा धागा काढेन, इथे ताईंचं चालू द्या.

सांजपाखरू

मी सोडा म्हटलं होतं, आता वाटतं ताईंनी थोडं थांबावं. फक्त एक सांगते. झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. माझ्या बहिणीने वापरलाय, मराठीत बोलतात. डॉक्टरांचे कागद फाइलला लावून ठेवा.

शिफ्ट_इनचार्ज

एक व्यावहारिक सूचना. पहिला मेल मॅनेजरला, प्रत एचआरला. एकदम प्लांट हेडकडे गेलात तर "पायरी सोडून आल्या" म्हणून मूळ विषयच बाजूला टाकतील. ठरावीक दिवस थांबा, मग वरती. आणि सहकाऱ्यांना आत्ताच साक्ष द्यायला सांगू नका, घाबरतील. मीटिंगला कोण होतं एवढं तुमच्या वहीत असलं की पुरे, बोलवायचं काम समितीचं.

चांदणवेल

सगळ्यांना सांगायला आले. मध्ये लिहायला जमलं नाही.

नाईट शिफ्टला संमती नसल्याचा मेल टाकला. दोन दिवस काहीच उत्तर नाही, मग एचआर मॅडमनी बोलावून "एवढं मेलवर कशाला, तोंडी सांगायचं ना" म्हटलं. मी परत येऊन त्यांच्या त्या बोलण्याचाही मेल टाकला. त्याच आठवड्यात सुधारित शिफ्टचं पत्र आलं, जनरल शिफ्ट.

रीक्वालिफिकेशनची तारीख तीनदा लेखी मागितल्यावर मिळाली. मी पास झाले, लॉगिन चालू झालं. मशीनवर पहिली सिक्वेन्स (नमुन्यांची रांग) लावली तेव्हा शेजारची मुलगी काही बोलली नाही, पण चहा आणून ठेवला.

"डेअरी"बद्दल अंतर्गत समितीकडे तक्रार दिली आहे, मुदतीच्या आत. समितीची नावं नोटीस बोर्डवर नव्हती, मी विचारल्यावर लागली. बाहेरच्या सदस्य मॅडम शांतपणे ऐकून घेणाऱ्या वाटल्या. चौकशी चालू आहे म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. साहेब माझ्याशी बोलत नाहीत, कामाचं सगळं मेलवर. मला ते चालतं. पाळणाघराबद्दल आम्ही चौघीजणींनी मिळून अर्ज केलाय, त्यातल्या दोघी पॅकिंगमधल्या कंत्राटी आहेत. त्यांना अर्जावर सही करायला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त धैर्य लागलं.

रेटिंग अजून तसंच आहे. अपिलाचा मसुदा करतेय. गोदाकाठ ताई, त्यात रजेच्या कलमाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करू का, की आधी कामाचे आकडे देऊ?

गोदाकाठ

आधी काम. रजेआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत किती चाचण्या केल्या, किती वेळेत दिल्या, मागच्या वर्षांची रेटिंग काय होती. मग लॉगिन किती काळ बंद होतं ते, तारखांसह. कलम त्यानंतर, आणि एकदाच. कंत्राटी मैत्रिणींची नावं या अपिलात कुठेही येऊ देऊ नका, त्यांचा अर्ज वेगळाच राहू द्या. मसुदा इथे टाकू नका, मला निरोपात पाठवा. रविवारी बघून देते.